ज्याची सही, त्याची जोखीम : जनरल अरुणकुमार वैद्य

शेवगावहून नगरकडे निघालेली वाहने अमरापूर, तिसगाव मागे टाकून करंजीचा घाट चढतात आणि भिंगारजवळ आली की आपोआप मंदावतात. कापूस, तूर, सरकी घेऊन वर्षानुवर्षे या वाटेने जाणाऱ्या व्यापारी कुटुंबांना भिंगारची छावणी परकी नाही. लष्करी गाड्यांची रांग पुढे असली की मुकाट्याने मागे थांबायचे, हे येथील चालकाला शिकवावे लागत नाही. दरेवाडीच्या बाजूला वळले म्हणजे रणगाड्यांचे संग्रहालय लागते. १९९४ पासून ते लोकांना खुले आहे, आणि दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना घेऊन तेथे एक फेरी मारणे हा नगर परिसरातील अनेक घरांचा रिवाज झाला आहे. तेथे देशोदेशींच्या रणगाड्यांमध्ये अमेरिकी बनावटीचा, पाकिस्तानकडून जिंकून आणलेला पॅटन उभा आहे. मुले त्याच्या तोफेकडे बोट दाखवतात, छायाचित्र काढून घेतात आणि पुढे जातात. ज्या लढाईत असे पॅटन हाती लागले, त्या लढाईत एका जुन्यापुराण्या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे नेतृत्व अलिबागच्या एका मराठी अधिकाऱ्याने केले होते, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

त्या अधिकाऱ्याचे नाव अरुणकुमार श्रीधर वैद्य. पुढे ते भारताचे लष्करप्रमुख झाले.

अलिबाग म्हणजे आरमाराचे गाव, कान्होजी आंग्र्यांचे. तेथील मुलाने समुद्राची वाट सोडून चिलखती दलाची वाट धरली. दुसरे महायुद्ध संपत आले असताना, १९४५ साली, वैद्य यांना सैन्यात अधिकारपद मिळाले. पुढे ज्या 'डेक्कन हॉर्स' या रेजिमेंटशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले, तिचा पूर्वेतिहास शेवगावकरांना जवळचा वाटावा असा आहे. निजामाच्या राज्यातील घोडदळ हे तिचे मूळ. शेवगाव तालुक्याच्या कडेने वाहणारी गोदावरी ही इंग्रजी अमलाची व निजामी मुलखाची सीमा होती. नदीच्या अलीकडे नगर जिल्हा, पलीकडे पैठण आणि मोगलाई. त्या पलीकडच्या राज्याच्या घोडेस्वारांचे वारस विसाव्या शतकात रणगाड्यांवर स्वार झाले. घोडा गेला तरी 'हॉर्स' हे नाव राहिले. लष्कर जुनी नावे सहसा टाकत नाही. या बाबतीत ते आपल्या जुन्या पेढ्यांसारखेच आहे.

स्वातंत्र्यानंतर चिलखती दलाच्या शिक्षणाचे केंद्र नगर येथेच राहिले. रणगाडा चालवणारा जवान असो वा त्यावरचा अधिकारी, त्याला या गावची वाट धरावीच लागते.

वैद्य यांचे नाव देशाला कळले ते सप्टेंबर १९६५ मध्ये. तेव्हा ते लेफ्टनंट कर्नल होते आणि डेक्कन हॉर्स त्यांच्या हाती होती. पंजाबच्या सीमेवरील खेमकरण गाव पाकिस्तानने घेतले होते. तेथून पुढे सरकून बियास नदीवरचा पूल गाठायचा, अमृतसरकडे जाणारा हमरस्ता तोडायचा आणि सारा पश्चिम पंजाब उर्वरित देशापासून वेगळा पाडायचा, असा त्यांचा बेत होता. या कामी त्यांनी आपली पहिली चिलखती डिव्हिजन आणली होती. तिच्यापाशी पॅटन रणगाडे होते आणि त्या काळी पॅटनचा दरारा मोठा होता. समोर होती भारताची चौथी माउंटन डिव्हिजन. पहिल्याच दिवसांत तिने बराच मार खाल्ला होता व ती मागे सरून असल उत्तर या गावाभोवती उभी राहिली होती. त्या वेळी सैन्य बियासमागे घ्यावे असा विचार वरिष्ठ पातळीवर बोलला गेला आणि आपण तो नाकारला, असे पश्चिम विभागाचे सेनापती हरबक्ष सिंग यांनी पुढे लिहून ठेवले आहे. यावरून प्रसंग किती बिकट होता याची कल्पना येते.

डेक्कन हॉर्सजवळ शेर्मन रणगाडे होते. दुसऱ्या महायुद्धातला हा माल पॅटनपुढे सर्वच बाबतींत उणा होता. त्याची तोफ लहान होती आणि पत्राही तितका भक्कम नव्हता. समोरासमोर उघड्या माळावर गाठ पडली असती तर काय झाले असते, हे सांगायला सेनापती असण्याची गरज नाही. म्हणून उघड्या माळावर गाठ पडूच द्यायची नाही, असे ठरले. मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांनी गावाभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराची मोर्चेबांधणी केली. शत्रूने नालेच्या तोंडातून आत यावे आणि तिन्ही बाजूंनी आगीत सापडावे, अशी ती रचना होती. उंच वाढलेल्या उसात रणगाडे दडवले गेले. कालव्याचे पाणी शेतांत सोडण्यात आले.

येथे शेवगावच्या वाचकाला नकाशाची गरज भासणार नाही. काळ्या रानात पाणी भरल्यावर बैलगाडीचे काय होते, उसाने भरलेला ट्रॅक्टर बांधावरून घसरून फडात रुतला तर तो बाहेर काढायला किती माणसे लागतात, हे येथे लहान पोरालाही माहीत असते. पंजाबची माती वेगळी, पण भिजलेल्या शेताचा स्वभाव सगळीकडे सारखाच. पॅटनचे वजन चाळीस टनांहून अधिक होते. ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत पाकिस्तानी रणगाड्यांनी पुन्हा पुन्हा चढाई केली. काही चिखलात अडकले, काही उसात दिशा चुकले, आणि जे पुढे आले ते अगदी थोड्या अंतरावरून झाडलेल्या गोळ्यांचे धनी झाले. दुरून अचूक मारा करणे हे पॅटनचे मोठे बळ. दूर पाहायलाच मिळाले नाही तर ते बळ गाठोड्यातच राहणार.

या विजयाचे श्रेय एकाच्या नावे मांडणे अन्यायाचे होईल. ब्रिगेडियर थिओगराज यांची दुसरी स्वतंत्र चिलखती ब्रिगेड, सेंचुरियन रणगाडे घेऊन आलेली तिसरी कॅव्हलरी आणि तिचे प्रमुख सलीम कॅलेब, तोफखाना, आणि पायदळातले जवान, या सर्वांचा त्यात वाटा होता. जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने रणगाडे टिपत १० सप्टेंबरला धारातीर्थी पडलेले अब्दुल हमीद याच लढाईतले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. वैद्य यांचे काम होते ते आपल्या रेजिमेंटला हलू न देण्याचे. कमी ताकदीच्या यंत्रात बसून बलाढ्य यंत्राची वाट पाहत उसात थांबणे आणि ते जवळ येईपर्यंत तोफ न झाडणे, यासाठी माणसांच्या मनावर जे नियंत्रण लागते ते केवळ आदेशाने येत नाही. मुख्य अधिकारी स्वतः गोळ्यांच्या माऱ्यात एका मोर्च्याहून दुसऱ्या मोर्च्यावर फिरताना जवानांना दिसावा लागतो. वैद्य तसे फिरले. असल उत्तर आणि चीमा येथील या कामगिरीसाठी त्यांना महावीर चक्र देण्यात आले.

११ सप्टेंबरच्या सकाळी पाकिस्तानच्या एका चिलखती रेजिमेंटचा मुख्य अधिकारी आपल्या सहकाऱ्यांसह उसातून बाहेर आला आणि शरण गेला. भारतीय मोजणीप्रमाणे शत्रूचे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. भिखीविंडजवळ ते ओळीने लावून ठेवले गेले, तेव्हा त्या जागेला लोक 'पॅटन नगर' म्हणू लागले. पुढे त्यांतले अनेक देशभरच्या गावांत, छावण्यांत विजयचिन्ह म्हणून गेले.

सहा वर्षांनी पुन्हा युद्ध आले. आता वैद्य ब्रिगेडियर होते आणि सोळाव्या स्वतंत्र चिलखती ब्रिगेडची धुरा त्यांच्याकडे होती. पूना हॉर्स, हॉडसन्स हॉर्स आणि सोळावी कॅव्हलरी या तिच्यातल्या रेजिमेंटा. पूना हॉर्सचा जन्म १८१७ चा, पेशवाईच्या शेवटच्या दिवसांतला. रणभूमी होती शकरगढचा प्रदेश, आणि या वेळी चढाई करणारे भारतीय होते. १९६५ मध्ये थांबून राहण्यात शहाणपण होते. १९७१ मध्ये थांबणे म्हणजे मरण होते, कारण वाटेत खोलवर पेरलेले सुरुंग होते आणि त्यांच्या पलीकडे नेम धरून बसलेला शत्रू. सुरुंगांतून वाट काढणारे सैनिक जमीन चाचपत इंचाइंचाने पुढे जातात. तोवर अलीकडे रणगाडे खोळंबतात आणि पलीकडे पोचलेले पायदळ एकटे पडते. चक्रा आणि देहिरा येथे, व नंतर बसंतर नदीवर, हाच पेच पडला.

वैद्य यांचा स्वभाव येथे स्पष्ट दिसतो. वाट पुरती साफ होण्याची खात्री मागत बसले तर पलीकडची पलटण गमवावी लागेल, आणि खात्रीशिवाय घुसले तर रणगाडे गमवावे लागतील. दोन्ही तोट्यांचे सौदे. अशा वेळी निर्णय घेणारा मागे तंबूत असेल तर पुढचा माणूस त्याचा हिशेब मनात ठेवतो. वैद्य स्वतः सुरुंगांच्या कडेला, वाट काढणाऱ्यांजवळ होते. रणगाडे पलीकडे गेले. १५ डिसेंबरच्या रात्री बसंतर ओलांडली गेली आणि दुसऱ्या दिवशी पाकिस्तानच्या आठव्या चिलखती ब्रिगेडने केलेले प्रतिहल्ले पूना हॉर्सने मोडून काढले. त्या रेजिमेंटचे प्रमुख हनुत सिंग यांनाही महावीर चक्र मिळाले.

याच १६ डिसेंबरला, तिकडे ढाक्यात शरणागतीची तयारी चालू असताना, इकडे एक एकवीस वर्षांचा अधिकारी आपल्या पेटलेल्या रणगाड्यात बसून लढत होता. अरुण खेत्रपाल हे त्याचे नाव. जन्म पुण्याचा. जून १९७१ मध्ये तो सैन्यात रुजू झाला आणि तरुण अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमासाठी नगरला आला. शिक्षण अर्धवट असतानाच युद्धाची चिन्हे दिसली व तो आपल्या रेजिमेंटकडे परतला. नगरच्या मैदानावर जे अर्धे शिकला होता तेवढ्या शिदोरीवर तो वैद्य यांच्या ब्रिगेडमध्ये बसंतरपार गेला. रणगाडा सोडून मागे येण्याचा आदेश त्याला बिनतारी यंत्रावरून मिळाला होता. तोफ अजून चालते आहे, असे म्हणून त्याने तो मानला नाही. त्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले, आणि 'फामागुस्ता' नावाचा त्याचा रणगाडा आज नगरच्या चिलखती दलाच्या केंद्रात जतन केलेला आहे. ब्रिगेडियरला अशा मुलांच्या जिवावर विजय मिळतो, आणि ते नाव त्याला जन्मभर सोबत वागवावे लागते.

वैद्य यांना दुसऱ्यांदा महावीर चक्र मिळाले. हा मान दोनदा मिळालेले भारतीय सैन्यात अगदी मोजके आहेत.

पुढची वाटचाल पदोन्नतीच्या जिन्याने झाली. १९८० पासून ते पूर्व विभागाचे सेनापती होते आणि १ ऑगस्ट १९८३ रोजी लष्करप्रमुख झाले. या नेमणुकीला एक कडवट बाजू आहे आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. सेवाज्येष्ठतेत लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा वैद्य यांच्या पुढे होते व तेच प्रमुख होतील असे सर्वांना वाटत होते. सरकारने वैद्य यांना निवडले आणि सिन्हा यांनी राजीनामा दिला. सिन्हा पुढे आसाम व जम्मू-काश्मीरचे राज्यपाल झाले. एवढ्या नामांकित सैनिकाला डावलले जाणे अनेकांना रुचले नाही. वैद्य यांच्या योग्यतेविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते, पण ती खुर्ची त्यांना अशी कुजबुजीच्या सावलीत मिळाली.

खुर्चीवर बसून वर्ष होण्याआधीच दोन मोठी कामे समोर आली. १३ एप्रिल १९८४ रोजी हेलिकॉप्टरने जवान सियाचिनच्या खिंडींवर उतरवले गेले आणि जगातील सर्वांत उंच रणक्षेत्र भारताच्या ताब्यात आले. ते आजतागायत आहे. दुसरे काम जूनमधले. अमृतसरच्या सुवर्णमंदिराच्या परिसरात भिंद्रनवाले आणि त्यांचे सशस्त्र साथीदार ठाण मांडून बसले होते. पंजाबात दीर्घकाळ हत्यासत्र चालू होते. सरकारने लष्कराला आदेश दिला. कारवाईची आखणी पश्चिम विभागाचे सेनापती सुंदरजी यांनी केली, प्रत्यक्ष तुकड्या मेजर जनरल कुलदीप सिंग ब्रार यांच्या हाताखाली होत्या. ब्रार आणि सुंदरजींचे सहकारी रणजित सिंग दयाल हे दोघेही शीख. सरकारच्या श्वेतपत्रिकेनुसार लष्कराचे ८३ जण मृत्युमुखी पडले. आतील मृतांमध्ये गुरुपर्वासाठी आलेले भाविकही होते. अकाल तख्ताची इमारत उद्ध्वस्त झाली. शीख समाजाच्या मनाला जी जखम झाली ती केवळ अतिरेक्यांच्या समर्थकांची नव्हती. जी घरे त्या हिंसेपासून दूर होती, जी पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात मुलगे पाठवत होती, त्यांचीही होती. काही पलटणींतील शीख जवानांनी बराकी सोडल्या. जनरल म्हणून वैद्य यांच्या आयुष्यातला हा सर्वांत अवघड काळ, कारण येथे समोर शत्रूचे सैन्य नव्हते आणि फुटत होती ती आपलीच माणसे.

ही कारवाई करावी की नाही, हा निर्णय सरकारचा होता. ती कशी करावी यावर आजही वाद चालू आहे, आणि लोकशाहीत तो चालू राहणे गैर नाही. दुसऱ्या मार्गाने, अधिक सबुरीने हे काम झाले असते असे मानणारे जाणकार लष्करातही आहेत. परंतु निवडून आलेल्या सरकारचा आदेश लष्करप्रमुखाने कोणत्या कारणासाठी मोडावा, हा प्रश्न त्याहून सोपा नाही. शेजारच्या देशात सेनापतींनी असे आदेश मोडण्याची सवय लावून घेतली आणि त्याचे फळ काय मिळाले, हे आपण पाहतो. वैद्य यांनी आदेश पाळला आणि सैन्याच्या माथ्यावर आपले नाव राहू दिले. सुंदरजींनी आखले, ब्रार यांनी केले, असे म्हणून त्यांनी कधी अंग काढून घेतले नाही. पेढीवर मुनीम कितीही असोत, हुंडीवर सही मालकाची असते, आणि ती सकारण्याची वेळ आली म्हणजे लोक मालकाच्याच दारात येतात.

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या झाली. त्यानंतर दिल्लीत निरपराध शीख कुटुंबांवर जे गुदरले, ते देशाच्या खात्यावर आजही नावे पडलेले आहे. वैद्य यांचे नाव मारेकऱ्यांच्या यादीत आहे, हे तेव्हापासून गुपित नव्हते.

३१ जानेवारी १९८६ रोजी ते निवृत्त झाले आणि पुण्यात राहायला आले. छावणीचे शहर, ओळखीची माणसे, मराठी वातावरण. चाळीस वर्षे देशभर बिऱ्हाड हलवलेल्या माणसाला आणखी काय हवे असते! ते स्वतः मोटार चालवत, बाजारहाटाला पत्नीसह बाहेर पडत. सुरक्षेसाठी रक्षक दिला होता, पण लष्करप्रमुखाचा लवाजमा आता नव्हता. हे धाडस होते की निष्काळजीपणा, यावर दोन मते होऊ शकतात. ज्याने सुरुंगांच्या कडेला उभे राहून दिवस काढले, त्याला कुंपणाआड म्हातारपण काढणे पसंत पडले नसावे, इतकेच म्हणता येते.

१० ऑगस्ट १९८६, रविवार. सकाळी पती-पत्नी लष्कर भागात खरेदीला गेले. परतताना मारुती मोटार वैद्य स्वतः चालवत होते, पत्नी भानुमती शेजारी होत्या, रक्षक मागच्या आसनावर. दुपारी बाराच्या सुमारास राजेंद्रसिंहजी मार्गावरून अभिमन्यू मार्गाकडे वळताना मोटार मंदावली, आणि दुचाकीवरून आलेल्या मारेकऱ्याने शेजारी येऊन गोळ्या झाडल्या. दोन युद्धे पार केलेला सेनापती चालकाच्या आसनावरच गेला. भानुमतीबाई जखमी झाल्या, पण वाचल्या. ज्यांच्या नावाचा तो रस्ता होता ते जनरल राजेंद्रसिंहजी हेही वैद्य यांच्यासारखेच घोडदळाच्या परंपरेतले, आणि लष्कराचे माजी प्रमुख.

१९८७ मध्ये वैद्य यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. मारेकरी सुखदेव सिंग सुखा आणि हरजिंदर सिंग जिंदा यांना ९ ऑक्टोबर १९९२ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. पुण्यात एका क्रीडागृहाला वैद्य यांचे नाव आहे. मुंबईत गोरेगाव-मालाडच्या पूर्व भागातून एक वर्दळीचा रस्ता जातो. रिक्षावाले त्याचे नाव एका दमात घेतात, दुकानदार बिलबुकावर पत्त्यात छापतात : जनरल ए. के. वैद्य मार्ग.